तीन लेन्स आणि सशाचा फोटो

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे. सहलीला आलेली माणसे एकदा घाईघाईने निघून गेली, तेव्हा त्यांची एक पिशवी मागे राहिली. पिशवीत एक कॅमेरा आणि तीन लेन्स होत्या. ज्याच्याकडे कॅमेरा तो फोटोग्राफर, असा हिशेब करून कोल्हा फोटोग्राफर झाला. त्याला सल्ला द्यायला एक कावळा रोज येऊन बसे. मुलांनो, या कावळ्याने जन्मात एकही फोटो काढला नव्हता. त्यामुळे त्याला सगळ्यांच्या फोटोंतले दोष दिसत, आणि जंगलात त्याच्या मताला मोठा मान होता.

दोघांत एकच वाद चाले. चेहऱ्याचा फोटो काढताना मागचा पसारा कोणती लेन्स चांगला पुसते? कावळ्याचे म्हणणे असे, की चेहरा काय, कोणतीही लेन्स काढते. लेन्सची खरी जात कळते ती मागच्या गचपणात. काट्या, पाने, फांद्या सगळे सायीसारखे मऊ झाले पाहिजे आणि उजेडाचे ठिपके गोल गरगरीत दिसले पाहिजेत. कोल्ह्यालाही हे मान्य होते. फक्त तिन्ही लेन्स एकाच जागी, एकाच गिऱ्हाइकावर लावून पाहायची संधी मिळत नव्हती.

ती संधी एका सशाने दिली. तो काही हौस म्हणून आला नव्हता. त्याच्या थोरल्या भावाला बिबट्याने नेले होते, आणि वर्ष सरायच्या आत घरात कोणालाही त्याचा चेहरा धड आठवेना. आई तर त्याच्याऐवजी भलत्याच सशाचे वर्णन करू लागली होती. आपले तसे होऊ नये, एवढीच या सशाची इच्छा होती. तो आला आणि जातीच्या सवयीने एका खडकाला पाठ लावून बसला. कावळ्याने नाक मुरडले. खडक म्हणजे कोरी भिंत. तिच्यापुढे लेन्सची परीक्षा कशी व्हायची? त्याने सशाला उठवून मोकळ्यावर आणले आणि सर्वांत दाट जाळीकडे पाठ करून बसवले.

"कोल्हेदादा, त्या जाळीत बिबट्या येऊन बसतो म्हणतात," ससा म्हणाला.

"अरे, आमची दोघांची तोंडं तिकडेच आहेत ना?" कोल्हा म्हणाला. "काही हललं तर आधी आम्हालाच दिसेल. तू फक्त समोर बघ."

सशाला हे पटले. ते पटण्यासारखेच होते.

पहिल्या लेन्सने फोटो निघाला. कावळ्याने तो पाहून तोंड वाकडे केले. मागच्या प्रत्येक काटकीला दुहेरी कड आली होती. पाहताना डोळे दुखावेत असा सगळा गोंधळ. त्यात शेजारी शेजारी दोन पिवळे ठिपके होते, मसुरीच्या दाण्याएवढे. कोल्ह्याने दुसरी लेन्स चढवली. आता काटक्या विरल्या आणि ते दोन ठिपके बोराएवढे झाले. कोल्ह्याला हे पुरेसे वाटले, पण कावळा चिकित्सक होता. ठिपके लांबट आहेत, लिंबाच्या बीसारखे, आणि त्यांच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वळी दिसतात, असा शेरा त्याने दिला.

"दादा, कसला तरी वास येतोय," ससा म्हणाला.

"नाक हलवू नकोस. फोकस जातो," कोल्हा म्हणाला.

सशाने नाक हलवायचे थांबवले. मुलांनो, सशाचे नाक जिवंतपणी थांबत नाही. पण या सशाला आपला चेहरा मागे राहायला हवा होता, म्हणून त्याने तेही केले.

कोल्ह्याने तिसरी लेन्स चढवली आणि बटण दाबले. दोघांनी फोटोवर डोके घातले. जाळी नाहीशीच झाली होती. मागे नुसता हिरवा मऊपणा होता, आणि त्यात दोन पिवळे गोळे, लिंबाएवढे, काठ कुठे संपतो ते कळू नये असे.

"याला म्हणतात लेन्स," कावळा म्हणाला. "मघाचे ठिपके केवढेसे होते, आणि आता बघ."

आणखी एक फोटो काढावा म्हणून कोल्ह्याने मान वर केली, तेव्हा समोर काढण्यासारखे कोणी उरले नव्हते. कोल्हा खडकावर चढला, कावळा झाडावर. जाळीतली खसफस थांबल्यावर दोघे खाली उतरले आणि शेवटचा फोटो हललेला नाही ना, हे त्यांनी आधी पाहून घेतले.

संध्याकाळी सशाची बायको आली. कोल्ह्याने तिला तिसऱ्या लेन्सचा फोटो दिला. सशाचे डोळे अगदी स्वच्छ आले होते. कान मात्र मागच्या हिरवळीत विरघळले होते, गालही अर्धेमुर्धे गेले होते. ती फोटोकडे पाहत राहिली. तिला धीर यावा म्हणून कोल्हा सांगू लागला, की ससा फार गुणाचा होता. सांगितले तसा बसला आणि शेवटपर्यंत त्याने एकदाही मान वळवली नाही.

"त्यांनी मागे बघितलं नाही, ते कळलं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं कुठे बघत होतात?"

कोल्हा लेन्स पुसू लागला. कावळ्याला मात्र प्रश्नात अवघड असे काही वाटले नाही.

"तिकडेच की, वहिनी," तो म्हणाला. "इतके सुरेख गोल आजवर एकाही लेन्सने दिले नव्हते."

तात्पर्य : आपल्या पाठीची राखण दुसऱ्यावर सोपवताना त्याला डोळे आहेत एवढे पाहून भागत नाही, ते डोळे काय शोधत आहेत, हेही विचारून घ्यावे.