धाररावाची हाक

फार वर्षं झाली, घाटात अजून गाडीवाट नव्हती तेव्हाची ही गोष्ट. कातळवाडीत धारराव म्हस्के नावाचा शिपाई होता. वाळल्या पानांवरून चालला तरी त्याच्या पायाखाली पान वाजत नसे, असं म्हणतात. राजानं शत्रूच्या गोटात चोरपावलांनी शिरणारी फौज उभी केली, तिच्यात त्याला घेतलं आणि पुढं तिचा सेनापतीच केलं. किती गड त्यानं चकार शब्द न काढता घेतले, ते त्या गडांनाच ठाऊक.

घरी म्हाळसाबाईचा जीव मात्र टांगणीला. नवरा कुठं जातो, कधी येतो, काही कळायचं नाही. दारात अनोळखी घोडेस्वार थांबला की बातमी वाईट तर नाही ना, म्हणून ती आधी त्याचा चेहरा निरखी. म्हातारपणी राजानं धाररावाला मानानं घरी धाडलं, तेव्हा त्याला मोतीबिंदूनं जेमतेम दिसत होतं. मग तो नुसता अंगणात गेला, तरी ती दारात येऊन उभी राही.

एका श्रावणात बायका रानभाजीला पठारावर गेल्या आणि भरदुपारी धुकं उतरलं. पठाराच्या एका अंगाला वाट, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. गावानं खालून हाका घातल्या, पण त्या कड्यावर आपटून भलतीकडूनच घुमत. वरून येणारं बायकांचं रडणं हळूहळू कड्याकडं सरकू लागलं.

धारराव उठला.

"अवो, तुम्हाला धड दिसत नाही, कुठं निघालात?" म्हाळसानं हात धरला.

"धुक्यात कुणालाच दिसत नाही, म्हाळसा. कडा मला पायांनी कळतो."

तो चाचपत वर गेला, अगदी टोकाला उभा राहिला, आणि जन्मभर फौजेला गप्प ठेवणारा तो माणूस ओरडला, "मी धारराव! मी कड्यावर उभा आहे! माझ्याकडं पाठ करा नि चाला!"

त्या हाकेनं सात गावांची गुरं दावणीला उठून उभी राहिली, असं म्हणतात.

बायका वळल्या, एकेक करून खाली आल्या. म्हाळसा प्रत्येकीला विचारी, "आमचे हे?"

"हाका देतायत, काकू."

शेवटची बाई उतरली आणि हाक थांबली. धुकं विरलं, तेव्हा कड्याचं टोक ढासळलेलं होतं. दरी धुंडाळली, पण धारराव सापडला नाही. तो वाऱ्यात मिसळला, असं म्हणतात. म्हाळसा एवढंच बोलली, "पुन्हा कुणाला तिथं एकटं उभं करू नका."

आजही पठारावर धुकं उतरलं की कातळवाडीचा एक जण कमरेला दोर बांधून कड्यावर जातो आणि ओरडतो, "मी धारराव! माझ्याकडं पाठ करा!" दोराचं दुसरं टोक त्याच्या घरची बाई धरते. तो मागं फिरेपर्यंत ती मूठ सैल करत नाही.