धनेशाची चोच

फार पूर्वी शूर्पारक नगरीत सोमकेतू राजा राज्य करत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने सह्याद्रीच्या दाट रानात धनेश पक्ष्याचा जन्म घेतला होता. मोठं अंग, पिवळी बाकदार चोच, आणि उडाला की पंखांचा आवाज खालच्या दरीपर्यंत जायचा.

धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल नि विष्ठा लिंपून ढोलीचं तोंड आतून बंद करून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फटच काय ती उरते. आत तिच्या पंखांची पिसं झडतात. मग पिल्लू मोठं होईपर्यंत तिचं नि पिल्लाचं पोट नराच्या येण्याजाण्यावर. नर आला नाही, तर ती ढोलीच त्यांची चिता.

त्या वर्षी बोधिसत्त्वाची धनेशी अशीच ढोलीत बसली होती आणि पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलं होतं. इकडे नगरात भलतंच घडलं. राणी भद्रिकेची लाडकी मैना सज्ज्यावरून एका ससाण्याने उचलून नेली. राणीने अन्न टाकलं. राजा संतापला आणि म्हणाला, "रानातला एकही मांसखाऊ पक्षी जिवंत ठेवू नका!"

आता मांसखाऊ कोण, हे ठरवायचं कोणी? तर राजाच्या पक्षिशाळेचा प्रमुख पिंगलक याने. पिंगलक हुशार खरा, पण त्याला सगळं झटपट हवं असायचं. त्याने दोन वर्ग पाडले. आकडी चोच ती मांसाची, सरळ चोच ती फळादाण्याची. झालं! या न्यायाने कावळा साधू ठरला आणि सुटला. कोणीतरी हळूच विचारलं, "आणि राणीसाहेबांचे पोपट?" पिंगलक म्हणाला, "ते राजवाड्यातले आहेत. त्यांचं वेगळं."

दुसऱ्याच दिवशी व्याध रानात शिरले. पाखरं धरायला उंबरावर लावलेल्या चिकात बोधिसत्त्वाचे पाय अडकले. व्याधाने मान धरली, तेव्हा तो माणसाच्या वाणीने म्हणाला, "मारायचं तर मार, पण आधी मला राजापुढे ने."

"अरे बापरे, पाखरू बोलतंय!" व्याधाच्या हातून सुरीच गळाली. त्याने त्याला पिंजऱ्यात घातलं आणि धावतपळत दरबारात आणलं.

पिंगलकाने पिंजऱ्याकडे एक नजर टाकली. "महाराज, चोच बघा! कोयता आहे नुसता. याचा वर्ग वेगळा सांगायला नको."

राजाने पक्ष्याला विचारलं, "खरं सांग. तू मांस खातोस?"

एक "नाही" म्हटलं असतं तर काम झालं असतं. बोधिसत्त्वाला ती फट दिसत होती, फटीतून वाट बघणारी चोच दिसत होती. तरी तो म्हणाला, "वर्षभर उंबर आणि वडाची फळं खातो, महाराज. पण आत्तासारखी बायको ढोलीत कोंडलेली आणि पिल्लू लहान असताना सरडा नेतो, उंदीर नेतो. कधी दुसऱ्याच्या घरट्यातलं पिल्लूही नेतो. खोटं कशाला बोलू?"

"ऐकलंत!" पिंगलकाने मांडीवर थाप मारली.

राजा मात्र विचारात पडला. मरण समोर असताना खरं बोलणारा त्याने माणसांतही फारसा पाहिला नव्हता. तो म्हणाला, "तुझ्या खरेपणासाठी तुला सोडतो. जा आपल्या बायकोपोरांकडे."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना हुकूम लागू आहे."

"मग मी जात नाही."

दरबार चकित झाला. राजा चिडून म्हणाला, "वेडा आहेस का तू? तुझी बायको तिकडे उपाशी मरेल!"

"मरेल, महाराज. माझा जीव तिथेच अडकलाय. पण शेजारच्या झाडावर दुसरी धनेशी कोंडून बसली आहे. तिचा नर तुमच्या व्याधांनी सकाळीच मारला. मी माझ्या दारात फळ घेऊन जायचं आणि शेजारची हाक ऐकत परत यायचं? हे माझ्याने होणार नाही. एक विचारू का?"

"विचार."

"तुमच्या नगरात बाळंतिणीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात. त्या दारातून तुमचा शिपाई शस्त्र घेऊन आत जातो?"

"छे! आमच्या आजोबांपासूनचा नियम आहे तो."

"घर चोराचं असलं तर?"

"तरी नाही."

"त्या घरात काय शिजतं, हे आधी विचारता?"

पडद्यामागून राणी भद्रिका बाहेर आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "महाराज, तो ससाणा माझी मैना घेऊन कुठे गेला असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं हो. त्याचीही कोणी घरट्यात बसली असेल."

राजाने तिथल्या तिथे हुकूम फिरवला. घरट्यांत पिल्लं असेपर्यंत सगळ्या रानाच्या दाराला कडुलिंब बांधला आहे असं समजावं; कोणाचीही चोच कशीही असो, आत शस्त्र जाणार नाही. पिंगलक चाचरत म्हणाला, "पण महाराज, मग याला कोणत्या वर्गात घालू?"

"बाळंतिणीच्या घरातला," राजा म्हणाला. "पिंजरा उघड."

बोधिसत्त्व चिकट पायांनीच उडाला. वाटेत चोचीत उंबरं भरून घेतली. ढोलीपाशी आला तर आतून आवाज नाही. त्याने चोचीने खोडावर टकटक केलं. पुन्हा केलं. बऱ्याच वेळाने फटीतून चोचीचं टोक दिसलं.

"अहो, होता कुठे इतका वेळ? पिल्लू रडून रडून गप्प झालं."

पहिलं उंबर तिने पिल्लाला भरवलं, दुसरंही. तिसरं स्वतः खाल्लं. उरलेली घेऊन बोधिसत्त्व शेजारच्या झाडावर गेला, आणि पुढे त्या मोसमात दोन्ही ढोल्यांना तो खाऊ घालत राहिला.

भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा उत्तरिक नावाचा भिक्षू समोरच बसला होता. नव्या भिक्षूंना कूळ विचारून तो पंगत लावायचा, आणि त्या दिवशी कोळ्याच्या घरातून आलेल्या नंदिय भिक्षूला त्याने दाराशी बसवलं होतं. शास्ते म्हणाले, "उत्तरिका, तेव्हाचा पिंगलक तू होतास. तेव्हा चोच बघायचास, आता कूळ बघतोस. राजा सोमकेतू म्हणजे आपला स्थविर सुदंत, राणी भद्रिका म्हणजे भिक्षुणी खेमिका. तो धनेश मी स्वतः होतो. आणि मैना नेणारा ससाणा, ज्याची पिल्लं तेव्हा वाचली, तो हा दाराशी बसलेला नंदिय."

उत्तरिक उठला, आपलं आसन त्याने नंदियाला दिलं आणि स्वतः दाराशी जाऊन बसला. शास्ते म्हणाले, "आपल्या माणसासाठी जीव तुटत असतानाही सगळ्यांसाठी पाय रोवून उभं राहायचं, याला अधिष्ठान म्हणतात."