एककान्या घोडा

फार वर्षांपूर्वी एका बागेत हाताने ढकलून फिरवायचे, लाकडी घोड्यांचे चक्र होते. त्यावरच्या एककान्या घोड्याला शेजारचा विजेवर फिरणारा पाळणा हिणवायचा, "म्हाताऱ्या, आज कुणी बसलं नाही, तर उद्या तुझं सरपण!"

एका संध्याकाळी छोटी शाल्मली पाळण्यात बसली आणि रडू लागली. पण ठरलेले फेरे संपेपर्यंत पाळणा थांबेचना. मग तिच्या आजोबांनी तिला घोड्यावर बसवून चक्र ढकलले. ती कुरकुरली, की घोडा हळू चाले. हसली, की दौडे.

"याचा कान लहानपणी घाबरून मीच उपटला," आजोबा म्हणाले.

"मी नाही घाबरत! आणखी जोरात!"

बघता बघता पाळण्यासमोरची सगळी रांग घोड्याकडे वळली.

"पाळणेदादा," घोडा खिंकाळला, "उद्या थांबायला शिकवू का?"