वाघजाईची घासलेली बंदूक

आडदऱ्याच्या वाघजाईच्या देवळात, देवीच्या डाव्या हाताला एक लांब पलटणी बंदूक उभी आहे. तिच्या चापाजवळचं लोखंड घासून घासून खोलगट झालंय. पाहुणे हमखास विचारतात, ही कुठल्या बनावटीची? हा प्रश्न ऐकला की गावातले म्हातारे गणपा खोमणे उखडतात. "बनावट इचारू नगा, मानूस इचारा," म्हणतात, आणि मगच सांगायला बसतात.

ही बंदूक खंडू खोमण्याची. पलटण मोडली तेव्हा तो ती घेऊन गावी आला म्हणे. पुढे लुटारू खिंडीतून उतरले, सगळा गाव रानात पळाला. खंडू एकटा खिंड अडवून बसला आणि तिथेच पडला. गाव वाचला. रक्ताने माखलेली बंदूक त्याच्या बायकोने, चंद्राईने, देवीपाशी ठेवली. दस्त्याच्या लाकडात काळा डाग मुरला.

चंद्राईचे केस पिकले, तेव्हा एक इनामदार आले. त्यांना जुन्या बंदुका जमवायचा भारी नाद. त्यांनी नळीत डोकावून आतले आटे पाहिले, चापाजवळची धूळ रुमालाने पुसली आणि तिथला कारखान्याचा छाप दिसताच त्यांचा चेहरा खुलला. अशी बंदूक आता शोधूनही मिळायची नाही, जेवण झालं की घेऊन जातो, म्हणाले. पाटलाने हात जोडून होकार दिला. ज्या गावासाठी माणूस मेला, त्या गावाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

जेवायला जाता जाता इनामदार म्हणाले, "दस्त्यावरचा हा डाग तेवढा खरवडून घेऊ."

चंद्राईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटलाच्या ओसरीवर पानं वाढली जात होती. तिने लोहाराची कानस आणली, देवळात बसली आणि छापच घासायला लागली. ती करकर साऱ्या गावाला ऐकू जात होती, असं सांगतात. उठून कोणी आलं नाही.

इनामदार परतले तेव्हा छापाच्या जागी कोरं लोखंड होतं.

"काय केलंस हे? आता हिला ओळखणार कोण?"

"तुमी नगा वळखू," चंद्राई म्हणाली. "मी वळखते."

त्यांच्या लेखी ते आता भंगार होतं. बंदूक तिथेच टाकून ते निघून गेले. मग चंद्राई गावाकडे वळली.

"गप बसलात न्हवं? आता गपच ऱ्हावा."

आजही दसऱ्याला ही बंदूक बायकाच पूजतात. हळदीकुंकवाआधी एकेक जण छापाच्या जागेवर कानस फिरवते. पुरुष पायरीखाली उभे असतात, पाटलाच्या घरचेही, गणपासुद्धा. पूजा आटपेपर्यंत त्यांच्यातला कोणी तोंड उघडत नाही.