आधी तानाक्काची बोहनी

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजे घोड्यावरून फिरायचे आणि बातम्या बैलगाडीतून यायच्या. ऐका, लहानांनो! आणि लहानांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

नदीकाठी एक गाव होतं. दर सोमवारी तिथे बाजार भरायचा. वेशीतून आत शिरलं की पहिलंच दुकान बसलिंगशेटांचं. गूळ, मीठ, कापड, सगळा चोख माल. शेट व्यापारी पक्के, पण मनाने फार मोठे. आपल्या चार मुलींची लग्नं त्यांनी केली, तशीच गावातल्या कितीतरी पोरक्या मुलींचीही मांडवात उभं राहून लावली. घरी पंगत बसली की शेट वाढायला उभे! सून-नातवंडांपासून गाडीवानापर्यंत सगळ्यांची जेवणं झाली, की मग शेट स्वतःचं ताट वाढून घ्यायचे.

असे शेट एक दिवस गेले. गाव धाय मोकलून रडलं. दुकान त्यांच्या मुलाच्या, गुरुपादच्या हाती आलं.

गुरुपाद कामाला वाघ. आजवर बाजारच्या दिवशी तो गाड्या घेऊन परगावी मालाच्या खरेदीला असायचा, त्यामुळे वडील दुकान कसं चालवतात हे त्याने पाहिलंच नव्हतं. ऐकलं होतं ते एवढंच, की आप्पा सोमवारी दुकान फार उशिरा उघडतात. 'वय झालं, व्हायचंच,' असं त्याला वाटायचं. म्हणून कारभार हाती येताच त्याने पहिलं काम काय केलं? तांबडं फुटताच दुकानाच्या दाराच्या फळ्या काढायला सुरुवात केली. वेशीत झुंबड उडाली, आणि गुरुपाद खूश झाला.

बघता बघता वर्ष सरलं. शेटांचं वर्षश्राद्ध आलं, तेही नेमकं सोमवारी. गुरुपादने ठरवलं, आप्पांची आठवण अशी करायची की पंचक्रोशीने तोंडात बोट घालावं! वेशीवर झेंडूची तोरणं चढली. हलगी कडाडू लागली. 'येईल त्याला आप्पांच्या नावाने शेरभर गूळ!' अशी दवंडी फिरली. मग काय विचारता, पोरं, बाया, म्हातारे, सगळे वेशीत लोटले. नुसता कल्लोळ!

त्या कल्लोळातच राजाचा कारभारी घोड्यावरून उतरला. गुरुपाद हात जोडून धावला.

"यावं, यावं! आप्पांच्या आठवणीसाठी राजेसाहेबांनी तुम्हाला धाडलं, केवढा हा मान!"

"मान द्यायलाही आलोय, शेटजी, पण आणखी एक काम आहे," कारभारी म्हणाला. "पलीकडच्या गावाने दरबारी अर्ज केलाय. तुमचा बाजार मोडत चाललाय म्हणे, म्हणून तो त्यांना हवाय. राज्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जिथे शंभर पथाऱ्या बसतात, तोच बाजार."

गुरुपाद मोठ्याने हसला. "मोडत चाललाय? ही गर्दी बघा की!"

"गर्दी दिसतेच आहे. पथाऱ्या दाखवा."

दोघे तोरणाखालून पुढे गेले आणि गुरुपादचं हसू तिथल्या तिथे विरलं. वेशीपाशी माणसांचा पूर, आणि मागे बाजारतळ ओकाबोका! कारभाऱ्याने बोट दाखवत मोजलं. एकेचाळीस.

"सूर्य डोक्यावर येईपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मग मात्र माझा इलाज नाही."

आप्पांच्या श्राद्धाच्या दिवशीच आप्पांचा बाजार जाणार? तो धावतच तळाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे भाजीवाली तानाक्का बसायची. तीही पाटी आवरून उठत होती.

"तानाक्का, निघालीस कुठे?"

"घरला. बसून काय करू? सकाळधरनं एक जुडी खपली न्हाई."

"पण आज एवढी माणसं आली आहेत!"

"ती तुझ्या दारात, धाकलं शेट. वेशीत शिरलं की तुझं दुकान. मानसं तितंच पिशव्या भरत्यात, डोईवर वझं झालं की तितनंच माघारी वळत्यात. हितवर कोन येतंय? हळूहळू समद्यांनी बसायचंच सोडलं."

"आप्पांचं दुकानही तिथेच होतं की!"

"व्हतं. पन सकाळी उघडं कुठं व्हतं?" तानाक्काने पाटी खाली ठेवली. "तुझा बा फळ्या लावून ठेवायचा, अन् पिशवी घिऊन समद्या बाजारात फिरायचा. गिऱ्हाईक म्हनायचं, 'शेट, दुकान उघडा.' ह्यो म्हनायचा, 'तानाक्काची बोहनी झाली का? न्हाई? मग आधी तिच्याकडनं मेथी घिऊन या.' शेवटच्या पथारीची पहिली विक्री झाली, की मंग तुमची फळी निघायची. तुला ठावं न्हाई व्हय?"

गुरुपादला ठाऊक नव्हतं. घरातली पंगत तो रोज बघत होता. आप्पा बाजारातही तसेच वाढायला उभे असत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच क्षणी बापाचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पण रडत बसायला वेळ कुठे होता? त्याने तानाक्काची पाटी उचलली आणि सरळ आपल्या डोक्यावर घेतली!

"अरं अरं, काय करतुयास? शेट मानूस तू!"

"चल तू माझ्याबरोबर!"

भरजरी फेटा, त्यावर मेथीची पाटी, आणि मागून पदर सावरत पळणारी तानाक्का. अशी वरात वेशीत आली. हलगीवाला वाजवायचा थांबला. गुरुपादने पाटी खाली उतरवली, भराभर दुकानाच्या फळ्या लावल्या आणि तो ओट्यावर उभा राहिला.

"मंडळी, पूर्वी या बाजारात पथारी मांडून कोण कोण बसायचं? हात वर करा!"

गुळाच्या रांगेतून हातच हात वर आले. माळीण, कुंभार, बुरूड, दोरखंडवाला, सगळे तिथेच तर उभे होते, रिकाम्या हातांनी.

"मग घरात जे असेल ते आणा आणि बसा! तुमच्यातल्या शेवटच्या माणसाची बोहनी झाल्याशिवाय आजपासून माझी एक फळी निघणार नाही. आप्पांची शपथ!"

आणि मग काय पळापळ झाली म्हणता! कोणी टोपल्या आणल्या, कोणी केरसुण्या, कोणी परसातले दुधीभोपळे. एकाने तर अंडी घालायला बसलेली कोंबडीच खुराड्यासकट उचलून आणली. गुरुपादची आईसुद्धा सुनेला घेऊन सांडग्यांचा डबा मांडून बसली. "बाजारात न खपलेली भाजी हे घरी आणायचे," ती शेजारणीला सांगत होती, "आणि मी बडबडत सांडगे घालायचे. आता कळलं हो, कशासाठी आणायचे ते!"

कारभारी मोजायला लागला. साठ, सत्तर, नव्वद. मध्येच कोंबडी सुटली, धावपळ झाली, आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आकडा झाला एकशे सात!

"बाजार इथेच राहील!" कारभारी ओरडला, आणि हलगी अशी कडाडली की नदीपलीकडे ऐकू गेली.

"आता दुकान उघडा, शेटजी," कारभारी म्हणाला. "राजेसाहेबांसाठी तुमच्या गुळाची ढेप न्यायची आहे."

गुरुपादने हात जोडले. "क्षमा असावी. तानाक्काची झाली, पण त्या कोपऱ्यातल्या कुंभाराची बोहनी अजून झालेली नाही."

गाव दचकलं. राजाच्या माणसाला नाही म्हणायचं? कारभाऱ्याने गुरुपादकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या कुंभाराकडे पाहिलं, आणि तो खो खो हसत सुटला. मग तो स्वतः चालत कोपऱ्यापर्यंत गेला, वाकून त्याने एक मडकं निवडलं, वाजवून पाहिलं आणि विकत घेतलं.

तेव्हा कुठे गुरुपादने पहिली फळी काढली. बाजार फिरून आलेली माणसं त्या दिवशी दुकानात अशी लोटली, की दिवस मावळायच्या आत गुळाची एक ढेप उरली नाही. बाजार त्या गावातच राहिला, आणि पुढे गुरुपादच्या नातवंडांनीही आपली फळी शेवटच्या बोहनीनंतरच काढली.

गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची असेल, तर त्याचं काम आपल्या हाती घ्यावं.