गोड आसवांवरच्या माशा

सकाळपासून अकरा वेळा रडूनही नायिका वासंतीबाईंचं रडणं काही चित्रित होईना. कांद्याच्या शेतात कॅमेरा लावलेला. बाईंनी पत्र वाचावं, गालावरून आसू ओघळावं आणि नेमकी त्या आसवावरच माशी बसावी!

दिग्दर्शक अण्णासाहेब रणनवरे खुर्चीवरून ताडकन उठले. "या माशा त्या चुलीमुळे येतात. सगुणाबाई, उद्यापासून तुमचा स्वयंपाक बंद."

चाळीस माणसांचं पिठलं घोटणारा सगुणाबाईचा हात थांबला. तिची लेक हौसा पाणी देत फिरत होती. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी ती पोर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "माशा आईच्या नाहीत, साहेब."

"मग काय माझ्या? ऊन उतरायच्या आत एकही माशी न बसता हे रडणं मिळवून दे. धूर नको, कॅमेऱ्यात दिसतो. औषध नको, बाई खोकतात. पंखा नको, पत्र उडतं. आसवं मात्र एवढीच हवीत. जमलं तर आई राहील."

सगळे हसले. पण हौसा मघापासून बघत होती. पिठल्यावर माशी नव्हती, ठेच्यावर तर नव्हतीच. बाई नुसत्या गप्पा मारत, तेव्हा त्यांच्याही गालावर नसे. मेकअपवाल्या काकांनी डोळ्यांखाली बाटलीतले थेंब लावले, की आल्याच. तिने एक थेंब बोटावर घेतला आणि चाटला.

"अगं, ग्लिसरीन आहे ते!" काका ओरडले.

"गोड आहे की. तुमच्या स्टुडिओत माशा नसतील, म्हणून कळलं नाही."

तिने बाईंना तोंड धुवायला लावलं. वाफ्यातला एक कांदा उपटला, बुक्कीने फोडला आणि बाईंच्या पदराच्या टोकात बांधला. "पत्र वाचून झालं की पदर डोळ्यांना लावा, ताई."

वासंतीबाईंनी लावला मात्र, धारा लागल्या! नाक लाल झालं, ओठ थरथरले. एक माशी आली, गालाजवळ घुटमळली आणि आल्या वाटेने परत गेली.

"कट!" अण्णासाहेबांनी जवळ जाऊन पदर हुंगला आणि त्यांचेही डोळे वाहू लागले. "माशा गेल्या कुठं गं?"

हौसाने काकांच्या उघड्या बाटलीकडे बोट केलं. ती माशांनी काळीभोर झाली होती. "त्यांना गोड रडणं आवडतं, साहेब. आमच्या वावरात तिखटच मिळतं."

अण्णासाहेब डोळे पुसत पोट धरून हसले. "सगुणाबाई, शेवटच्या दिवसापर्यंत चूल तुमचीच! आणि श्रेयनामावलीत लिहा रे, कथा, संवाद आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'आसवं: हौसा'."