भिवरेनं काढलेली दृष्ट

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात भिवरा नावाची एक बाई कोंबड्या पाळायची. पाळायची कसली, जीव टाकायची त्यांच्यावर! त्यात एक काळीभोर कोंबडी तिची फार लाडकी. अंडी घालून झाली आणि उबवायला बसायच्या आतच मुंगसानं तिला ओढून नेलं. आता तिचा वंश उरला तो टोपलीतल्या अंड्यांपुरता.

भिवरेच्या डोळ्यांचं पाणी खळेना. ते पाहून शेजारच्या हौसाक्कानं आपली उबवणीची पेटी आणून दिली. लाकडी पेटी, आत बल्बची ऊब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, वर काचेचं झाकण. वाटीतल्या पाण्यानं आतली हवा ओलसर राहते, हे तिनं नीट समजावलं आणि जाताना बजावलं, "पिल्लांनी कवचाला टोच मारली की झाकणाला हात लावायचा नाही. बघायचं ते काचेतून बघ."

भिवरेनं मनापासून सगळं केलं. अंडी फिरवली, वाटी कोरडी पडू दिली नाही. एका सकाळी कवचांवर बारीक भोकं दिसली, आतून चिवचिव ऐकू आली. बाईला काय करू नि काय नको असं झालं. हौसाक्का बघायला आली आणि कौतुकानं म्हणाली, की आता सगळीच्या सगळी निघणार, अंगण भरून जाईल तुझं.

झालं! आता हिची नजर लागणार, असं भिवरेच्या मनानं घेतलं. मागच्या साली हौसाक्काच्या पेटीतलं एकही पिल्लू जगलं नव्हतं. तिची पाठ वळते न वळते तोच भिवरेनं मीठ-मोहरी मुठीत घेतली. काचेवरून काढलेली दृष्ट लागू पडत नाही, हे तिचं तिनंच ठरवून टाकलं. झाकण उघडून एकेका अंड्यावरून सावकाश मूठ उतरवली. दार सताड उघडं, बाहेर फाल्गुनातला कोरडा वारा. पेटीतली ओल केव्हाच उडून गेली. दुपारी हौसाक्का पुन्हा डोकावली, भिवरेनं पुन्हा झाकण उघडलं. संध्याकाळीही तेच.

दुसऱ्या दिवशी पेटीत चिडीचूप. एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं. भिवरेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं एक अंडं उचललं, हौसाक्काच्या दारात गेली आणि आळीतल्या बायांसमोर तिला नको नको ते बोलली. हिच्या नजरेनं आत काय झालंय ते बघाच सगळ्या, म्हणत तिनं अंडं फोडलं.



आत पुरं वाढलेलं पिल्लू होतं. काळंभोर, आईसारखं. चोच भोकापाशी टेकलेली. कवचाखालचा पातळ पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला घट्ट चिकटला होता. बिचाऱ्याला मानसुद्धा वळवता आली नव्हती.

हौसाक्कानं वाकून पाहिलं. तिनं हळूच विचारलं, "झाकण उघडलं होतंस?"

"तुमची दृष्ट काढायला," भिवरा कशीबशी म्हणाली.

हौसाक्कानं ते पिल्लू ओंजळीत घेतलं. मग म्हणाली, "मागच्या साली मीच उतावळेपणानं झाकण उघडलं, म्हणून माझी गेली गं. तुझी तरी वाचावीत म्हणून सांगितलं होतं."



तात्पर्य काय, तर मनात संशय धरून केलेली राखण, ज्याला राखायचं त्याच्याच जिवावर उठते.